बाईचा रोज

उन्हाळा अर्धा सरला आणि गवंड्याचे हात गेले. तुटले नाहीत, सिमेंटने खाल्ले. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग कातडी पांढरी पडून सोलायला लागली, मग तळव्यांना भेगा पडल्या आणि भेगांतून पाणी झरायला लागलं. बारा वर्षं थापी धरलेला माणूस आता पाण्याचा तांब्या दोन मनगटांत धरून तोंडाला लावत होता. डॉक्टरने मलम दिलं, पट्ट्या दिल्या आणि सांगितलं, तीन महिने सिमेंटला शिवायचं नाही. शिवलास तर बोटं वाकडी होतील.

त्याच्या बायकोला घरात सगळे धाकटीच म्हणत. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातली दोन तिने नवऱ्याच्या हाताखाली घमेली वाहण्यात घालवली होती. तो भिंतीवर, ती खाली. त्याने नुसता हात मागे केला की माल हवा का वीट हवी, हे तिला कळायचं. आता त्या जागी दुसराच गवंडी उभा राहिला. तो हात मागे करायचा नाही, शीळ घालायचा. धाकटीला ती शीळ डोक्यात जायची, पण काम सोडून चालणार नव्हतं. घरात कमावणारी ती एकटीच उरली होती, म्हणजे त्यांच्या दोघांच्या पोटापुरती.

काम गावाबाहेरच्या धान्याच्या गोदामाचं होतं. पाऊस यायच्या आत स्लॅब पडायला हवा, असं ठेकेदाराने बजावलं होतं. मजुरांची टोळी थोरल्या दिराची. तो मुकादम होता. ठेकेदार पैसे त्याच्या हातात द्यायचा आणि तो माणशी रोजचे वीस कापून बाकीचे वाटायचा. हे वीस उघड होते, त्याबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. टोळीचा पगार बाजाराच्या दिवशी कामावरच व्हायचा. घरच्या दोघांचा मात्र मुकादम घरी आणायचा, नवरा-बायकोचा मिळून, आणि धाकट्या भावाच्या हातात ठेवायचा. बाईचा रोज तीनशे, असं धाकटीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. घरच्याच माणसाला पैशाचं काय विचारायचं.

नवरा घरी बसल्यावर पहिल्या आठवड्याला मुकादमाने सहा दिवसांचे अठराशे आणून ठेवले. सहाशे मलमपट्टीत गेले. हजार सासूने किराण्यासाठी मागून घेतले. उरलेले दोनशे धाकटीने पत्र्याच्या डब्यात टाकले, आणि त्याच दिवशी थोरल्या जावेने चहा ओतता ओतता म्हटलं की हल्ली दूध फार लागतं बाई, घरी बसलेल्या माणसाला दिवसातून तीनदा चहा लागतो. गवंडी पडवीतच बसला होता. त्याने ऐकलं आणि कप तसाच खाली ठेवला.

पडवीतच त्यांचं बिऱ्हाड होतं. जुन्या घरात दोन खोल्या. एकीत मुकादम, थोरली आणि त्यांच्या दोन मुली, दुसरीत सासू आणि सगळ्यांचा स्वयंपाक. धाकटीचा संसार, एक शेगडी, दोन पातेली आणि गादी, पडवीच्या तीन पत्र्यांखाली. पावसात पाणी एका बाजूने यायचं, तेव्हा गादी दुसऱ्या बाजूला ओढायची.

घराच्या मागे मात्र दोन वर्षांपासून दोन नव्या खोल्या उठत होत्या. मुकादमाच्या. पहिली पुरी झाली होती, वर पत्रे चढले होते, दाराला कोणता रंग द्यायचा यावर थोरलीचा विचार चालला होता. दुसरी खिडकीपर्यंत आली होती. विटा कुठून येतात असं कुणी विचारलं की मुकादम हसून म्हणायचा, कामावरचं उरलंसुरलं. त्या भिंती गवंड्याने बांधल्या होत्या, सुट्टीच्या दिवशी, फुकट. माल कालवून द्यायला धाकटी होती, तीही फुकट. घरचंच काम.

त्या महिन्यात भाववाल्या बाई आल्या.

तशा त्या दर महिन्याला यायच्या, दहा तारखेच्या मागेपुढे. स्कूटरवरून यायच्या, डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी, पिशवीत लांबलचक वही. वीटभट्टीवर जायच्या, सिमेंटच्या दुकानात जायच्या, वाळूवाल्याकडे जायच्या आणि शेवटी गोदामावर. सगळीकडे एकच प्रश्न, या महिन्यात काय भाव. घ्यायच्या काहीच नाहीत. एवढा भाव विचारून एक वीटही न घेणाऱ्या बाईचा लोकांना संशय येणारच. कुणी म्हणे करखात्याच्या आहेत, कुणी म्हणे ठेकेदारावर कुणीतरी पाळत ठेवलीय. त्या दिसल्या की वाळूवाला लघवीला जायचा.

मुकादमाने टोळीला ताकीद दिली होती, बाईंशी कुणी बोलायचं नाही, जे काय सांगायचं ते ठेकेदार सांगतील. धाकटीकडे तर त्याने दोनदा वळून पाहून सांगितलं होतं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ऊन असं होतं की सळईला हात लागला तर चटका बसत होता. भाववाल्या बाई ठेकेदाराशी बोलून पाण्याच्या पिंपाजवळ सावलीला आल्या. धाकटी तिथेच चुंबळ ओली करत होती. बाईंनी पाणी मागितलं, तिने दिलं. बाईंनी वही मांडीवर उघडली आणि आकडे भरता भरता सहज विचारावं तसं विचारलं, तुम्हाला किती मिळतात. धाकटीने तोंडाला कुलूप लावलं. बाई हसल्या.

"नका सांगू. ठेकेदार चारशे पन्नास म्हणाले, तेच लिहिते."

धाकटीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. बाई स्कूटर चालू करून गेल्या. ती ओली चुंबळ हातात घेऊन उभी राहिली, तेवढ्यात वरून शीळ आली.

दिवसभर ती घमेली वाहत होती आणि डोक्यात तो आकडा घोळत होता. पहिला संशय ठेकेदारावर गेला. हा वहीत जास्त लिहवतो आणि देतो कमी, म्हणजे कागदावर पुण्यवान. दुसरा संशय बाईंवर. कशावरून त्यांनी मुद्दाम सांगितलं नसेल, आपल्या तोंडून काहीतरी काढून घ्यायला. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो पट्टी सोडत होता. म्हणाला, सरकारी वह्यांत काय वाटेल ते लिहितात, तू त्या बाईच्या नादी लागू नकोस. बोलताना त्याने वर पाहिलं नाही. हाताची पट्टी सोडताना कोण वर पाहील, असं तिने स्वतःला सांगितलं, पण ते तिच्या मनात राहिलंच.

टोळीत एक बुटकी नावाची बाई होती. खरं नाव काय ते तिच्या नवऱ्यालाही आठवत नसेल. शेजारच्या वस्तीवरून यायची, धाकटीबरोबर खेपा टाकायची. तिला सरळ विचारावं तर तासाभरात मुकादमाच्या कानावर जाणार, कारण बुटकीच्या पोटात काही राहायचं नाही. म्हणून धाकटीने बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली. एरवी पगार सुरू झाला की ती डबा उचलून घराकडे निघायची. तिचा पगार इथे होतच नव्हता. त्या दिवशी ती मिक्सरच्या आडोशाला बसून घमेली घासत राहिली.

मुकादम खोक्यावर बसला होता. तो थुंकी लावून नोटा मोजायचा आणि तोंडाने आकडा म्हणायचा नाही, नुसती बोटं हलवायचा. धाकटीची नजर त्या बोटांवर. बुटकी पुढे आली. पाचशेच्या पाच. मग एक पन्नासची. मग दहाच्या तीन. बुटकीने त्या ब्लाउजमध्ये खोचल्या आणि गेली.

अडीच हजार ऐंशी. बुटकीचे आठवड्याचे दिवस सहा, धाकटीचेही सहा. ती सातवीपर्यंत शिकलेली, भागाकार तिला येत होता. तरी तिने ओल्या रेतीवर काडीने मांडून पाहिला. चारशे तीस. आणि वर मुकादमाचे वीस. ठेकेदार खरं बोलला होता, भाववाल्या बाईंनी खरं लिहिलं होतं. खोटं दुसरीकडे होतं आणि ते तिच्याच घरात जेवायला बसत होतं.

तिने पायाने रेती सारखी केली.

त्या संध्याकाळी मुकादमाने नेहमीसारखे अठराशे आणून भावाच्या मांडीवर ठेवले. हात बरे आहेत का, विचारलं. एक केळं दिलं. धाकटी दारातून पाहत होती. दिराचा चेहरा नेहमीसारखाच होता, आणि तिला त्याचीच भीती वाटली. मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो नोटा न मोजता उशीखाली सारत होता. दोन वर्षं तो असाच न मोजता ठेवायचा. आधी तिला तो भावावरचा विश्वास वाटायचा, आता कळेना काय वाटावं.

तिने काही बोलायचं नाही असं ठरवलं. निदान महिनाभर. तिच्याकडे एकच आकडा होता, एका आठवड्याचा. मुकादम म्हणाला असता, बुटकीला मागची बाकी दिली. तोंडघशी पडून पुन्हा त्याच चुलीवर चहा मागायचा, हे तिला नको होतं. ताकास तूर लागू न देता ती कामावर जात राहिली, येत राहिली. जावेला मदत करताना तिच्या नव्या बांगड्या पाहत राहिली. सासूने हजार मागितले की देताना विचार करत राहिली, हिला माहीत असेल का. सगळ्यांचीच तोंडं तिला झाकलेल्या भांड्यांसारखी दिसायला लागली.

घरात नवऱ्याची एक जुनी खिशातली डायरी होती. गवंडी माणूस, हजेरीचा पक्का. रोज कामावर गेलं की दोन उभ्या रेघा, एक त्याची, एक तिची. ती आजारी असली की एकच. धाकटीने तिच्या रेघा मोजल्या. पहिल्या वर्षाच्या दोनशे छत्तीस, दुसऱ्या वर्षाच्या दोनशे चाळीस.

पुढच्या महिन्यात दहा तारीख गेली, अकरा गेली. बाराव्या दिवशी दुपारी स्कूटर आली. मुकादम सेंट्रिंगच्या फळ्या आणायला ट्रॅक्टर घेऊन गेला होता. धाकटीने घमेलं खाली ठेवलं आणि पाण्याचा ग्लास घेऊन स्वतःहून पिंपाजवळ गेली.

तिने विचारलं, मागच्या महिन्यांचे आकडे असतात का वहीत. आता संशय घ्यायची पाळी बाईंची होती. त्यांनी वही छातीशी धरली, कशाला हवेत, कुणी विचारायला सांगितलं. धाकटी म्हणाली, कुणी नाही, मलाच हवेत. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, सिमेंटने राखाडी झालेल्या. मग वही उघडली. यात लपवण्यासारखं काही नाही, त्या म्हणाल्या, कुठे काय भाव चाललाय ते महिन्याच्या महिन्याला लिहायचं, त्यावरून सरकारी कामांचे अंदाज बांधतात.

"आणि मग?" धाकटीने विचारलं.

"मग काही नाही. पुढच्या महिन्यात परत."

पानावर आडव्या ओळी होत्या. सिमेंट, गोणीला. वाळू, ब्रासला. विटा, हजाराला. गवंडी. पुरुष बिगारी. स्त्री बिगारी. प्रत्येक ओळीपुढे महिन्यांची घरं, मागे मागे जाणारी. धाकटीचं बोट शेवटच्या ओळीवरून उलटं चालत गेलं. चारशे पन्नास, चारशे पन्नास, असं वर्षभर. त्याच्या मागे वर्षभर चारशे. तीनशे कुठेच नव्हतं. तीनशे या वहीत कधी आलंच नव्हतं.

मग तिने विटांची ओळ पाहिली. मागल्या वर्षी हजाराला सात हजार, यंदा आठ. सिमेंट तेव्हा साडेतीनशे. वाळू पाच हजार ब्रास. सिमेंटच्या कागदी गोणीचा तुकडा फाडून तिने सगळं बाईंच्या पेनने उतरवून घेतलं. बाईंनी पेन परत घेताना एवढंच विचारलं, तुम्हाला तीनशे देतात का. धाकटीने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. बाईंनी वही मिटली. त्यांच्या वहीत ठेकेदाराचाच आकडा जायचा. त्याला त्या तरी काय करणार.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मुकादम जेवून झोपला. थोरली मुलींच्या केसांना तेल लावत होती. धाकटी मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला गेली आणि पुऱ्या झालेल्या खोलीसमोर उभी राहिली.

बाहेरून गिलावा झाला नव्हता, त्यामुळे थर दिसत होते. तिने खालून मोजायला सुरुवात केली. छत्तीस थर. एका थराला चारी भिंती मिळून एकशे चौदा विटा. दार आणि खिडक्या वजा केल्या तर सगळ्या मिळून तीन हजार आठशेच्या आसपास. सातच्या भावाने सव्वीस हजार सहाशे. सिमेंट तीस गोण्या, त्या तर तिने स्वतः फोडल्या होत्या, साडेदहा हजार. दोन ब्रास वाळू, दहा हजार. भिंतींची बेरीज सत्तेचाळीस हजार शंभर.

मग दुसरी बेरीज. पहिल्या वर्षी चारशेतून मुकादमाचे वीस गेले, राहिले तीनशे ऐंशी, हातात तीनशे. रोजचे ऐंशी गेले. दोनशे छत्तीस दिवस. दुसऱ्या वर्षी रोजचे एकशे तीस. दोनशे चाळीस दिवस. तिने कागदाचा तुकडा भिंतीवर धरून कोळशाने मांडलं. पन्नास हजार ऐंशी.

खोलीच्या भिंती उभ्या राहून वर जवळजवळ तीन हजार उरत होते.

धाकटी खाली बसली. तिच्या पाठीत एक जागा होती, खांद्याच्या मधोमध, जी दोन वर्षं दुखत होती. भट्टीच्या ट्रॅक्टरपासून इथपर्यंत या विटांचा भार त्याच जागेवर पडला होता. स्वतःच्या पैशाच्या विटा तिने स्वतःच डोक्यावरून वाहिल्या होत्या आणि वर जावेला विचारलं होतं, इथे टाकू का तिथे.

मागे चाहूल लागली. नवरा होता. पट्टीचे हात पोटाशी धरून तो तिच्या हातातल्या कागदावरचा कोळसा वाचत होता. बराच वेळ वाचत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तो म्हणाला, एवढं नव्हतं माहीत. कापत असेल थोडंफार, मुकादम आहे. दादाने मागे एकदा म्हटलं होतं, दोन खोल्यांतली एक तुझी. म्हणून मग काही बोललो नाही.

"मला सांगायचं होतं."

"तू विचारायचं होतंस."

"मी विचारलं होतं. तुम्ही पट्टी सोडत होता."

तिने कागद घडी करून कमरेला खोचला.

संध्याकाळी चहाला सगळे ओट्यावर बसले होते. मुकादम झोपेतून उठून ताजातवाना झाला होता, स्लॅबला किती माणसं लागतील ते बोटांवर मोजत होता. धाकटीने त्याच्यापुढे कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"भाऊजी, माझा रोज किती आहे?"

थोरलीचा हात कपावरच राहिला. मुकादम म्हणाला, तीनशे, माहीत नाही का तुला.

"बुटकीचा चारशे तीस आहे."

कोण म्हणालं, त्याने विचारलं. धाकटीने सांगितलं, कुणी म्हणालं नाही, मी मोजलं. मुकादमाने चहाचा घोट घेतला, बशीत ओतून गार केला, दुसरा घोट घेतला. मग समजुतीच्या सुरात बोलायला लागला. बाहेरच्या बाईचं वेगळं, घरच्या बाईचं वेगळं. तुझ्या लग्नात मी किती घातले ते कधी काढलं का. काम कुणामुळे मिळतं. गवंडी आज घरी बसलाय, उद्या मीही म्हणू शकतो, माझा काय संबंध. घरात असा हिशेब कुणी मागत नाही. सासू मान डोलावत होती. गवंडी खाली बघत होता.

धाकटीने कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. पन्नास हजार ऐंशी, ती म्हणाली, दिवसांसकट लिहिलंय.

मुकादमाने कागद वाचला आणि त्याचा आवाज चढला.

"मी खाल्ले का ते पैसे? दारू प्यायलो? मागे उभं आहे ते काय आहे? ते घर काय माझ्या एकट्याचं आहे? सगळ्यांचंच आहे."

"सगळ्यांचं आहे?"

"आई, सांग तिला. सगळ्यांचंच आहे ना?"

सासू म्हणाली, सगळ्यांचंच आहे बाई, वेगळं कुणाचं आहे.

"बरं," धाकटी म्हणाली.

ती पडवीत गेली. आपली शेगडी उचलली, वर दोन पातेली ठेवली आणि सगळ्यांच्या समोरून ती घेऊन मागच्या अंगणात गेली. पुऱ्या झालेल्या खोलीचं दार खांद्याने ढकललं. आत नव्या चुन्याचा वास होता आणि कोपऱ्यात थोरलीच्या रंगाचा डबा. तिने शेगडी खिडकीखाली ठेवली. परत आली, पिठाचा डबा नेला. परत आली, कपड्यांचं गाठोडं नेलं. थोरली म्हणाली, अगं, हे काय चाललंय. मुकादम उठून उभा राहिला होता, पण स्वतःच्या तोंडचा शब्द दोन मिनिटांपूर्वीचा होता आणि आई शेजारी बसली होती.

चौथ्या खेपेला गादी होती. ती एकटीला उचलेना, एक बाजू जमिनीवर घासत होती. गवंडी ओट्यावरून उतरला. त्याने हात लावले नाहीत, लावता येत नव्हते. दोन्ही कोपरांत गादीचं दुसरं टोक धरलं आणि मागे मागे चालत निघाला. त्याने भावाकडे पाहिलं नाही. धाकटीने तेवढं पाहिलं आणि त्याला त्यासाठी अर्धी माफी दिली.

"उद्यापासून कामावर यायचं नाही," मुकादम पाठीमागून म्हणाला.

ती गेली नाही. चार दिवस घरीच राहिली. खोली सोडायचा तिला धीर होत नव्हता. आपण हललो की दाराला दुसऱ्याचं कुलूप पडेल. पाण्याला जाताना स्वतःचं कुलूप लावायची, किल्ली कमरेला. थोरली दिवसातून दोनदा यायची, रंगाचा डबा न्यायला, खिळा शोधायला, आणि नजरेने सगळं मोजून जायची. सासूने पहिल्या दिवशी बोलणं टाकलं, दुसऱ्या दिवशी वाटीभर तेल मागायला आली. डब्यातले पैसे संपत आले होते. गवंडी म्हणायचा, जाऊन बोलू का दादाशी. ती म्हणायची, बसा.

पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. वारा सुटला, पत्रे वाजले. गोदामाचा स्लॅब दुसऱ्या दिवशी पडायलाच हवा होता आणि टोळीतल्या चार बायका पेरणीच्या तयारीला आपापल्या शेतावर निघून गेल्या होत्या. स्लॅबच्या सकाळी मुकादम स्वतः दारात आला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि भावाला म्हणाला, तिला सांग, स्लॅब आहे, ये म्हणावं.

धाकटी आतून बाहेर आली.

"रोज किती?"

मुकादमाने जबडा हलवला. "चारशे तीस."

"कुणाच्या हातात?"

"तुझ्या."

तिने नवऱ्याला किल्ली दिली नाही. त्याला उंबऱ्यावर बसायला सांगितलं, आणि मी येईपर्यंत उठायचं नाही असंही सांगितलं. तो बसला.

स्लॅब म्हणजे श्वास घ्यायलाही वेळ नसतो. मिक्सर एकदा सुरू झाला की थांबत नाही, आणि माणसांची साखळीही थांबत नाही. खालून वर, हातातून हातात, भरलेली घमेली चढत होती, रिकामी उतरत होती. धाकटी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती, तिच्या वर बुटकी. माल मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत जायचा आणि तिथे वाळून ओढायला लागायचा. दुपारी आभाळातून चार थेंब पडले तशी ठेकेदाराने प्लास्टिकचे कागद आणवले, आणि पुन्हा थेंब थांबले. सूर्य बुडायला टेकला तेव्हा शेवटचं घमेलं वर गेलं. मिक्सर बंद झाला तरी कानात तो चालूच होता.

स्लॅबचा पगार त्याच दिवशी व्हायचा. मुकादम खोक्यावर बसला. माणसं रांगेत उभी राहिली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा धाकटी रांगेत होती. तिच्या पुढे बुटकी. मुकादमाने बुटकीच्या हातावर पाचशेची एक नोट ठेवली, आणि बुटकी सवयीने मोठ्याने म्हणाली, स्लॅबचे पाचशे, बरोबर.

धाकटीची पाळी आली. तिने हात पुढे केला. तळव्याला सिमेंटची साय धरली होती. मुकादमाने आधीच काढून ठेवलेल्या नोटा उचलल्या. दोनशेच्या दोन, दहाच्या तीन. हातावर ठेवल्या आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.

धाकटी हलली नाही. तिने मूठ मिटली नाही. नोटा तळव्यावर तशाच, हात तसाच पुढे. मागे माणसं खोळंबली. कुणीतरी खोकलं. बुटकी दोन पावलं गेली होती, ती थांबून वळली आणि त्या हाताकडे बघायला लागली, मग हळूहळू सगळेच बघायला लागले. दूर जीपजवळ उभ्या ठेकेदारानेही मान वळवली.

मुकादमाने खिशात हात घातला. पन्नासची एक आली. मग बराच वेळ शोधून वीसची एक, चुरगळलेली. त्याने ती सरळ केली आणि तिच्या हातावर ठेवली.

धाकटीने सगळ्या नोटा तिथेच उभी राहून मोजल्या. एकदा मोजल्या, बोट ओलं करून पुन्हा मोजल्या. मग कमरेला खोचल्या.

"उद्या किती वाजता यायचं?" तिने विचारलं.